फोटोतील व्यक्ती आमच्या सेवेत नाही

मस्कतच्या पेपरात माझा फोटो दोनदा छापून आलाय. हे मी आपणहून कुणाला सांगत नाही. पण आता चहा समोर आलाय, तुम्ही निवांत बसलाय, आणि दुसऱ्या कुणाकडून अर्धंमुर्धं ऐकण्यापेक्षा माझ्याच तोंडून सगळं ऐकलेलं बरं. फक्त एक करा, मधे हसू नका. शेवटी हसा. मला त्याची सवय आहे.

दोन हजार पंधरा-सोळाच्या सुमाराची गोष्ट. मी मस्कतच्या रुवी भागात एका पंप विकणाऱ्या कंपनीत होतो. मूळचा अकोल्याचा, शिक्षणानं मेकॅनिकल इंजिनियर, कामानं काहीही. कोटेशन मी बनवायचो, तक्रारी मी ऐकायचो, कुलपाला तेलही मीच घालायचो. मालक हमूद साहेब, ओमानी, अतिशय शांत गृहस्थ. हिंदी आमच्यापेक्षा बरी बोलायचे. राहायला आम्ही वादी अदाईला. मी, बायको सुजाता आणि शाळेत जाणारी मुलगी आर्या.

आमच्याकडे शाजी नावाचा सेल्समन होता. बातिनाच्या किनाऱ्यावरचं शेत न् शेत त्याला पाठ. तिथल्या खाबुऱ्याच्या बाजारात तर आमच्या कंपनीला कुणी नावानं ओळखतच नव्हतं, "शाजीचं दुकान" म्हणायचे. या शाजीनं रीतसर राजीनामा दिला आणि दुसऱ्या पंपवाल्याकडे गेला. पण जुनी गिऱ्हाइकं त्यालाच फोन करत राहिली. शाजी गोड माणूस, कुणाला नाही म्हणवत नाही. तो आमच्या पंपाची ऑर्डर घ्यायचा आणि नव्या मालकाचा पंप पोचवायचा. मग तो बिघडला की तक्रार आमच्याकडे.

असं चार-पाचदा झाल्यावर हमूद साहेब म्हणाले, "मिलिंद, पेपरात नोटीस दे."

गल्फमध्ये राहिलेल्यांना ही नोटीस माहीत असते. चौकटीत पासपोर्टचा फोटो आणि खाली दोन ओळी: फोटोतील व्यक्ती आता आमच्या सेवेत नाही, तिच्याशी कुणी व्यवहार केल्यास कंपनी जबाबदार राहणार नाही. त्या चौकटीत कुणीही गुन्हेगार दिसतो. पासपोर्टच्या फोटोत तसे आपण सगळेच दिसतो म्हणा, पण खाली ते वाक्य आलं की खात्री पटते.

मी लेटरहेडवर मजकूर तयार केला. घाईत होतो, म्हणून "फोटोतील व्यक्ती" एवढंच लिहिलं, नाव मागाहून कळवू म्हटलं. साहेबांनी सही-शिक्का केला. पत्र गेलं जाहिराती घेणाऱ्या एजन्सीकडे. तिथे लोपीस मॅडम होत्या, वसईच्या. त्यांच्याशी माझं बोलणं नेहमी मराठीतून. दिवसभर हिंदी, इंग्रजी आणि मोडक्या अरबीत काम केल्यावर मराठी कानावर पडली की मला वाटायचं, चला, आता गैरसमजाला जागाच नाही.

दुपारी मॅडमचा फोन आला तेव्हा मी वर्कशॉपमध्ये होतो. शेजारी एक मोठा पंप टेस्टिंगला लावलेला, त्याची घरघर चालू. त्यांनी विचारलं ते मी सांगितलं, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, काम झालं. मी समाधानानं फोन खिशात टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा घेऊन खाली उतरलो, तर आमच्या इमारतीखालच्या ग्रोसरीवाल्यानं मला थांबवलं. एरवी हा माणूस मान वर करत नाही. त्या दिवशी काउंटरच्या बाहेर आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "तायडे साब, सब का टाइम आता है."

मी म्हटलं, बहुतेक कुणीतरी गेलं असावं. मीही गंभीर चेहरा करून मान हलवली आणि ऑफिसला गेलो.

तिथे टेबलावर पेपर होता. मी नोटिशीचं पान उघडलं. चौकट छान आली होती. फोटोही स्वच्छ. आणि तो माझा होता.

खाली नाव, मिलिंद उत्तमराव तायडे. इंग्रजीत एकदा आणि अरबीत एकदा. ही व्यक्ती आता आमच्या सेवेत नाही. मी खुर्चीत बसून ते वाचत होतो. कंपनीच्या खुर्चीत.

पहिला फोन खाबुऱ्याच्या एका शेतकऱ्याचा. तो म्हणाला, "मिलिंद, तू गेलास, वाईट झालं. आता माझ्या पंपाची तक्रार मी कुणाकडे करू?" मी म्हटलं, मी गेलो नाही, तक्रार माझ्याकडेच करा. तर तो म्हणाला, "पेपरात लिहिलंय तुझ्याशी व्यवहार करू नये." आणि फोन ठेवला. कायदा पाळणारा माणूस.

दुसरा फोन खुद्द शाजीचा. "मिलिंदभाई, मन लहान करून घेऊ नका. आमच्याकडे जागा आहे. मी बोलतो मालकांशी." ज्याला बाजारातून उठवायला मी नोटीस दिली, तो मला नोकरी देत होता. आणि मनापासून देत होता, हे आणखी वाईट.

मग सुजाताचा फोन. तिच्या मैत्रिणीनं मराठी बायकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ती नोटीस टाकली होती, खाली हात जोडल्याचं चित्र.

सुजाता अगदी हळू आवाजात म्हणाली, "अहो, तुम्ही आत्ता कुठे आहात?"

"ऑफिसात."

"तसं तुम्ही रोजच सांगता."

"म्हणजे?"

"नोकरी कधी गेली तुमची? खरं सांगा, मी चिडणार नाही. त्या ह्यांच्या मिस्टरांनी पण असंच केलेलं. तीन महिने डबा घेऊन जायचे आणि समुद्रावर बसून खायचे."

"सुजाता, मी माझ्या टेबलाशी बसलोय."

"मग मागून लाटांचा आवाज का येतोय?"

"तो पंप आहे."

मग मागून आर्यानं फोन घेतला. तिचं शिक्षण इथल्या शाळेत, मराठी जपून बोलते. "बाबा, तुझी फोटो पेपरमध्ये आला आहे. तू काय केला?"

या प्रश्नाचं उत्तर मला माहीत नव्हतं. तेवढ्यात हमूद साहेब आले. हातात तोच पेपर. त्यांनी फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत फोटोकडे पाहिलं. म्हणाले, "मिलिंद, तू राजीनामा दिलास?"

"नाही, साहेब."

"मी तुला काढलं?"

"नाही, साहेब."

"मग हे काय?"

मी फोन त्यांच्यापुढे धरला. "साहेब, आधी एवढं माझ्या बायकोला सांगा." त्यांनी फोन घेतला आणि शांतपणे म्हणाले, "हाँ भाभी, मिलिंद इधर ही है. अभी तक तो है."

फोन परत देऊन ते माझ्यासमोर बसले. मागोमाग खलफानही आले. खलफान आमचे पीआरओ, म्हणजे कंपनीची सगळी सरकारी कामं बघणारे. कायद्याचा माणूस. आता दोघं माझ्याकडे बघत होते, आणि मला एकदम आठवलं की माझ्याकडे पुरावा आहे.

त्याचं असं होतं, की त्याआधी एका गिऱ्हाइकानं फोनवर एक पंप मागितला आणि माल पोचल्यावर म्हणाला मी दुसराच सांगितला होता. तेव्हा वैतागून मी फोनमध्ये एक अ‍ॅप टाकलं. येणारा-जाणारा प्रत्येक कॉल आपोआप रेकॉर्ड व्हायचा. मला फार हुशारीचं वाटलं होतं ते.

मी ताठ बसलो. म्हणालो, "साहेब, चूक त्या एजन्सीची आहे. लोपीस मॅडमनी घोळ घातलाय. आणि मी हे असंच बोलत नाही. माझ्याकडे कॉलचं रेकॉर्डिंग आहे."

खलफान उठले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

"तिला माहीत होतं, तू रेकॉर्ड करतोयस ते?"

"नाही. पण बोलणाऱ्या दोघांपैकी एकाला माहीत असलं की चालतं. मी वाचलंय."

"कुठे?"

"इंटरनेटवर. तसा कायदाच आहे."

"कुठला कायदा?"

"राज्याचा."

"कुठल्या राज्याचा?"

इथे मला जरा आठवावं लागलं. "अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांचा," मी म्हणालो.

खलफान खिडकीतून बाहेर बघत राहिले. बाहेर रुवी होती.

मग ते लहान मुलाला समजवावं तसं बोलले. "मिलिंद, इथे समोरच्याला न सांगता त्याचं खाजगी बोलणं रेकॉर्ड करणं गुन्हा आहे. तिनं तक्रार केली तर पोलीस येतील. पुढे दंड आहे, तुरुंग आहे. आणि तू परदेशी आहेस, त्यानंतर विमान आहे."

मी फोन टेबलावर ठेवला. जरा लांब.

"हा एकच कॉल आहे की आणखी?" खलफाननी विचारलं.

"आणखी आहेत."

"किती?"

"सगळेच."

हमूद साहेबांनी पेपरची घडी घालून बाजूला ठेवली. "माझेही?"

तुम्ही सांगा, यावर काय उत्तर द्यायचं? मी म्हणालो, "साहेब, तुमचा आवाज फार स्पष्ट आलाय."

बाहेर तो पंपही बंद पडला. शेवटी हमूद साहेबच म्हणाले, "माझे आत्ता पुसून टाक. माझ्यासमोर. आणि त्या बाईकडे जा. तिला दुसऱ्याकडून कळायच्या आत स्वतः सांग. खलफान, तू बरोबर जा. याला एकट्याला बोलू देऊ नकोस."

मी त्यांचे सगळे कॉल पुसले आणि आम्ही निघालो. एजन्सी रुवीतच, चालत जाण्याजोगी. त्या रस्त्यानं मी रोज जायचो, पण त्या दिवशी प्रत्येक वळणावर पोलिसांची गाडी उभी आहे असं वाटत होतं. सकाळी मी फक्त पेपरापुरता बेकार होतो. दुपारपर्यंत तुरुंगाच्या वाटेला लागलो होतो. सुजाताला आता काय सांगणार? मी खरंच ऑफिसात होतो, आणि आता खरंच नसेन?

लोपीस मॅडम टेबलामागे बसल्या होत्या. पन्नाशीच्या, नीटनेटक्या, गळ्यात साखळीला बारीक क्रूस. मला बघून त्या उभ्याच राहिल्या. "तायडेसाहेब, या, बसा. पाणी घ्या. जेवलात का?"

एवढी माया मला अपेक्षित नव्हती. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. "मॅडम, मला माफ करा. काल आपलं फोनवर बोलणं झालं ते माझ्या फोननं रेकॉर्ड केलंय. तुम्हाला न विचारता. तो गुन्हा आहे हे मला आज कळलं."

त्या खाली बसल्या. "माझं बोलणं टेप केलंत?"

"हो."

"कशाला?"

"चूक झाली तर कुणाची ते कळावं म्हणून."

"आणि चूक झालीय?"

"माझा फोटो छापलात तुम्ही."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग खलफानकडे वळून स्वच्छ हिंदीत म्हणाल्या, "मेरी परमिशन है. आप गवाह हैं." आणि मला म्हणाल्या, "लावा. मलाही ऐकायचंय."

माझा जीव भांड्यात पडला. परवानगीही मिळाली आणि पुरावाही वाजणार. मी आवाज पूर्ण मोठा केला आणि फोन टेबलाच्या मधोमध ठेवला.

आधी पंपाची घरघर. मग मॅडमचा आवाज.

"तायडेसाहेब, पत्रात नाव नाहीये. पूर्ण नाव सांगा."

"मिलिंद उत्तमराव तायडे."

"तुमचं?"

"हो, माझंच. पासपोर्टवर आहे तसं घाला."

"आणि फोटो?"

"कुणाचा?"

"ज्याची नोटीस आहे त्याचा."

"नोटीस माझीच आहे, मॅडम. मीच देतोय."

इथे थोडा वेळ नुसता पंप.

"साहेबांना माहीत आहे ना?"

"म्हणजे काय, सही त्यांचीच आहे."

"किती वर्षं झाली तुम्हाला तिथे?"

"नऊ."

"नऊ वर्षं. आणि हे कामसुद्धा तुम्हालाच करायला लावलं."

"मॅडम, इथलं सगळं मीच करतो."

"मोठं मन आहे तुमचं."

"थँक यू. जरा ठळक छापा, म्हणजे खाबुऱ्यापर्यंत दिसेल."

रेकॉर्डिंग संपलं. मॅडम माझ्याकडे बघत होत्या. मी टेबलाच्या लाकडाकडे बघत होतो. बरं लाकूड होतं.

मला काय वाटलं होतं सांगू? मला वाटलं, नोटीस देणाऱ्याची ओळख लागत असेल. बँकेत लागते, फोनचं सिम घ्यायला लागते, पेपरातही लागत असेल. रेसिडेंट कार्डासाठी नुकताच काढलेला फोटो मोबाइलमध्ये तयार होता, तो पाठवला. शाजीचं नाव त्या अख्ख्या बोलण्यात कुठेच नव्हतं. मी पुन्हा एकदा मनातल्या मनात ऐकून बघितलं. नव्हतंच.

पण खरी शिक्षा पुढेच होती. खलफानना मराठी येत नव्हती. त्यांनी दोघांकडे बघून विचारलं, "मग? चूक कुणाची?"

मॅडमनी फक्त हातानं मला खूण केली, सांगा. मग मी ते सगळं बोलणं एकेक ओळ करत हिंदीत त्यांना सांगितलं. "ज्याची नोटीस" याचे दोन अर्थ कसे होतात तेही सांगितलं. "ठळक छापा" हेही सांगितलं. भाषांतर करताना काही गाळावं असं एक-दोनदा वाटलं, पण साक्षीदारासमोर बोलत होतो.

खलफाननी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "खलास," आणि बाहेर जाऊन उभे राहिले. काचेतून त्यांचे खांदे हलताना दिसत होते.

मॅडमनी तक्रार केली नाही. मला वाटतं, त्यांना माझी कीव आली. त्यांच्यादेखत मी तो कॉल पुसला, बाकीचे पुसले, ते अ‍ॅपही काढून टाकलं. मला वाटलं, सुटलो. पण दुसरी नोटीस राहिली होती.

हमूद साहेबांचं म्हणणं, फोटो तोच हवा आणि आकारही तोच, नाहीतर लोकांना कळणार नाही. मजकूर त्यांनी अरबीत स्वतः सांगितला. मला टेबलाजवळ येऊ दिलं नाही. त्यांनी साधंच लिहिलं होतं, की आधीची नोटीस चुकून छापली गेली, फोटोतील व्यक्ती आमच्या सेवेत आहे. पण "आधीची नोटीस चुकून" असं घालायचं तर कुणाची चूक तेही घाला, असं पेपरवाल्यांनी कळवलं. साहेब भले माणूस. म्हणाले, नको, राहू दे, पोरीच्या शाळेत वाचतील. मग चुकीबद्दलचं वाक्य गाळलं आणि इंग्रजी करणाऱ्यानं आपल्या परीनं दुरुस्ती केली. छापून आलं ते असं: फोटोतील व्यक्तीस पुन्हा कामावर घेण्यात आले आहे.

मला तेव्हा त्यात काही वावगं दिसलं नाही. सुजातानं वाचलं, निःश्वास सोडला आणि त्या दिवशी डब्यात गोड दिलं. ग्रोसरीवाला परत मान खाली घालून बसायला लागला. शाजीनं अभिनंदनाचा फोन केला. नोटीस त्याच्यावर कधी आलीच नाही. साहेब म्हणाले, तो विषय आता नको.

काही आठवड्यांनी आमच्या मंडळींचा बुद्ध पौर्णिमेचा कार्यक्रम होता. शुक्रवारी, एका हॉलमध्ये. वंदना झाली, भाषणं झाली, जेवणाची रांग लागली. तिथे कांबळेकाकांनी मला हात धरून बाजूला घेतलं. काका सगळ्यांत जुने, निवृत्तीला आलेले. नवीन आलेल्या प्रत्येकाला त्यांनी कधी ना कधी आधार दिलेला.

"मिलिंद, दोन्ही नोटिसा बघितल्या बाबा," ते म्हणाले. "चांगलं केलंस. मालकाचे पाय धरलेस ना?"

मी रांगेकडे पाहिलं.

"अरे, मी कुणाला सांगणार नाही. काढून टाकलेल्या माणसाला असं फोटो छापून परत कोण घेतं? पाय धरल्याशिवाय होत नाही ते. बायको-मुलगी असली की वाकावं लागतं."

आता तुम्हाला आमचं घर माहीत नाही. माझे वडील शाळामास्तर. त्यांनी आयुष्यात कुणापुढे मान वाकवली नाही आणि आम्हालाही एवढंच शिकवलं. बाबासाहेबांच्या फोटोखाली उभं राहून कुणी मला विचारतंय, मालकाचे पाय धरलेस का. माझं रक्त तापलं. नाही काका, असं ठणकावून सांगायला मी तोंड उघडलं.

पण नाही म्हटलं, की काका विचारणार, मग झालं काय होतं? आणि मग मला ते सगळं सांगावं लागणार. पंप, "नोटीस माझीच आहे", "थँक यू", "ठळक छापा". रांगेतले चार-पाच जण कान देऊन उभे होते. सुजाता हातात ताट घेऊन माझ्याकडे बघत होती. तिला सगळं माहीत होतं. तिनं हळूच नकारार्थी मान हलवली.

मी तोंड मिटलं. दोन्ही पर्याय एकदा नीट तोलून पाहिले.

मग म्हणालो, "हो काका. धरले पाय."

काकांनी माझी पाठ थोपटली. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. म्हणाले, "त्यात कसली लाज, पोरा? तुझ्या स्वतःच्या मूर्खपणानं थोडीच गेली होती नोकरी?"